सीडी-फोर तपासणी : रंग लावून पेशी कशा मोजतात?

अंबड, परतूर, मंठा, भोकरदनहून जालन्याला येणारे एचआयव्हीचे रुग्ण मला बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतात. खिशातून घडी घातलेला रिपोर्ट काढतात आणि म्हणतात, "डॉक्टर, मागच्या वेळी सीडी-फोर ५२० होता, आता ४६० आलाय. औषध लागू पडत नाही का?" हा आकडा येतो कुठून, हे कळलं की निम्मी भीती जाते.

रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी लिम्फोसाइट या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली साधारण सारख्याच दिसतात. कामं मात्र वेगवेगळी. त्यांतल्या काहींच्या पृष्ठभागावर सीडी-फोर नावाचं प्रथिन असतं. याच पेशी इतर संरक्षक पेशींना कामाला लावतात आणि एचआयव्ही नेमका त्यांनाच गाठतो.

मग त्या ओळखायच्या कशा? कळप एकमेकांत मिसळले तरी आपली मेंढी ओळखता यावी, म्हणून धनगर तिच्या अंगावर रंग लावतात. प्रयोगशाळेतही तेच करतात. अँटीबॉडी ठरावीक प्रथिनालाच चिकटते. एकाच प्रकारची अँटीबॉडी हवी तेवढी बनवण्याची पद्धत कोहलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये केंब्रिजला शोधली. त्यासाठी त्यांना १९८४ चं नोबेल मिळालं. अशा अँटीबॉडीला चमकणारा रंग जोडून ती तुमच्या रक्ताच्या नमुन्यात मिसळतात. मग फ्लो सायटोमीटर या यंत्रात एकेक पेशी लेझरसमोरून जाते. रंग लागलेली पेशी चमकते आणि यंत्र ती मोजतं.

म्हणजे ही तुमच्या सैनिकांची मोजणी आहे, विषाणूची नव्हे. विषाणू किती आहे, हे व्हायरल लोड तपासणी सांगते. निरोगी माणसात सीडी-फोर साधारण ५०० ते १५०० असतो. साधा ताप, रक्त घेण्याची वेळ, यानेही तो खाली-वर होतो. त्यामुळे ५२० चा ४६० झाला, एवढ्याने घाबरू नका. मात्र तो २०० च्या खाली असेल, तर क्षयरोग व न्यूमोनियासारख्या आजारांचा धोका बराच वाढतो. खोकला, ताप, वजन घटणं अंगावर काढू नका.

मला खरी काळजी वाटते ती आकडा वाढल्यावर गोळ्या सोडणाऱ्यांची. तो गोळ्यांमुळेच वाढलेला असतो. गोळ्या थांबल्या की विषाणू पुन्हा वाढतो. २०१७ पासून आपल्याकडे सीडी-फोर कितीही असो, एचआयव्ही असलेल्या प्रत्येकाला मोफत उपचार मिळतात. शंका असेल तर एआरटी केंद्रात विचारा किंवा १०९७ या मोफत हेल्पलाइनवर फोन करा. पण गोळी चुकवू नका.