टेकलेला पाय

३२ वर्षं मी शाळेत भूमिती शिकवली. त्यामुळं जगातली प्रत्येक गोष्ट आपल्याला आधीच समजलेली असते, असा माझा एक गोड समज होता. गेल्या हिवाळ्यात आमच्या नातीनं, चिंगीनं, त्याला सुरुंग लावला.

चिंगी शाळेच्या बास्केटबॉल संघात आहे. तिचा अंतिम सामना पाहायला मी गेलो होतो. शेवटची काही सेकंदं उरलेली. आमचा संघ एका गुणानं मागं. चेंडू चिंगीच्या हाती, समोर एक उंच मुलगी हात पसरून उभी. चिंगीनं तिला हुलकावणी दिली, पाऊल टाकलं आणि शिट्टी वाजली! पंचांनी दोन्ही मुठी एकमेकींभोवती गरगर फिरवल्या आणि चेंडू प्रतिपक्षाला दिला. सामना गेला.

मी ताडकन उठलो. "अहो, पोरीनं एकच पाऊल टाकलं! मी मोजलंय!" एवढ्यावर थांबेन तर मी मास्तर कसला? पंचांच्या डोळ्यांविषयी आणि प्रामाणिकपणाविषयीही मी चार शब्द ऐकवले. पंच विशी-बाविशीतला पोरगा. त्यानं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि मान खाली घातली.

वाटेत चिंगी एक अक्षर बोलली नाही. घरी येताच मात्र तिनं स्वयंपाकघरातला लाल भोपळा आणून माझ्या हातात दिला.

"आजोबा, हा चेंडू. आता कुठलाही एक पाय उचला."

मी उजवा उचलला.

"आता डावा तुमचा पिव्हट. तो जागेवरून हलवायचा नाही, फरफटवायचा नाही. उजव्यानं हवं तिकडं वळा."

"म्हणजे कंपास!" मी ओरडलो. टोक रोवलेलं, पेन्सिल फिरती. ३२ वर्षं हेच तर शिकवलं होतं!

"टप्पे मारत निघायचं, तर आधी चेंडू हातातून सुटायला हवा, मगच डावा पाय उचलायचा. बास्केटकडं फेकायचा असेल, तर पाय उचलून उडी मारता येते. पण पाय पुन्हा टेकायच्या आत चेंडू हातातून गेला पाहिजे."

"मग तू काय केलंस?"

"मला टप्पा मारायचा होता. पाय आधी उचलला." ती हळूच म्हणाली, "पंच बरोबर होते, आजोबा."

रात्री मी या खेळाचं मूळ शोधत बसलो. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकानं हिवाळ्यात छपराखाली खेळण्यासाठी तो रचला. चेंडू घेऊन पळू दिलं, की पळणाऱ्याला अडवायला दुसरा अंगावर झेप घेणार, हे त्यानं ओळखलं होतं. म्हणून त्याच्या पहिल्या १३ नियमांतच चेंडू घेऊन धावायला बंदी होती. कुणाला दुखापत होऊ नये म्हणून केलेला नियम. आणि त्याच्याच नावानं मी एका पोराला दुखवून आलो होतो! चिंगीनं पाय आधी उचलला. मी तर उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

रविवारी मैदानावर गेलो. तो पोरगा लहान मुलांना शिकवत होता. मी भर मैदानात त्याची माफी मागितली. तो लाजला, हसला आणि चेंडू माझ्या हाती देत म्हणाला, "आजोबा, टप्पा मारत निघा बघू!"

मी डावा पाय घट्ट रोवला, उजव्यानं झोकात वळलो, निघालो आणि शिट्टी वाजली.

या वेळी मी पंचांना काहीही बोललो नाही.