कधीमधी उडणाऱ्यांचे मैल

मी काही विमानाने सारखा फिरणारा माणूस नाही. दोन वर्षांतून एकदा लेकीकडे शारजाला जायचं, नातवंडांना भेटायचं, खजूर घेऊन परतायचं. तरी प्रत्येक तिकिटाबरोबर आग्रह असतोच: 'आमच्या फ्रीक्वेंट फ्लायर योजनेचे सभासद व्हा.' यंदा अम्मीला उमऱ्याला न्यायचं ठरलं, तेव्हा जावई म्हणाले, "अब्बा, एमिरेट्सने दुबईमार्गे न्या, मैल जमतील." म्हणून मी कागद-पेन घेऊन हिशेबाला बसलो.

अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ साली सुरू केलेली योजना अशा योजनांमधली सर्वांत जुन्यांपैकी एक. त्यांचा खरा फायदा होतो तो कंपनीच्या खर्चाने दर आठवड्याला उडणाऱ्याला. आपल्यासारख्याने आधी एकच विचारावं: मैल टिकतात किती दिवस? एमिरेट्सच्या स्कायवर्ड्‌समध्ये ते साधारण तीन वर्षांनी, आपल्या जन्ममहिन्याच्या अखेरीस संपतात. माझ्या वेगाने खात्यात एका वेळी फार तर दोन फेऱ्यांचे मैल राहणार. त्यातही स्वस्त तिकिटावर मैल कमी मिळतात, आणि मैलांवर घेतलेल्या तिकिटालाही कर आणि इतर आकार रोख भरावे लागतात.

दुसरा प्रश्न, मैल कुठे कुठे चालतात? एअर इंडिया २०१४पासून स्टार अलायन्समध्ये आहे, सौदिया स्कायटीममध्ये. एमिरेट्स मोठ्या तीन आघाड्यांपैकी कुठेच नाही. मात्र फ्लायदुबईचे मैलही स्कायवर्ड्‌समध्येच जमतात. कधी याने, कधी त्याने गेलो, तर तीन वह्यांत थोडी थोडी शिल्लक आणि एकातही तिकिटापुरती नाही. म्हणून आपली माणसं जिथे आहेत, तिकडे जाणारी एकच योजना धरावी. स्कायवर्ड्‌समध्ये घरातल्या आठ जणांपर्यंत मैल एकत्र करता येतात. लेक, जावई, नातवंडं आणि मी, असं एक खातं असेल तर कधीतरी एखादं तिकीट निघेल.

तिसरी गोष्ट, मैल म्हणजे पैसे नव्हेत, कंपनीने दिलेला शब्द आहे. जेट एअरवेजची विमानं १७ एप्रिल २०१९ला थांबली. तिची मैलांची योजना वेगळ्या कंपनीकडे असल्याने नाव बदलून चालू राहिली, पण ज्या विमानासाठी लोकांनी मैल जमवले होते ते विमानच उरलं नाही. विस्तारा २०२४च्या नोव्हेंबरमध्ये एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा सभासदांचे गुण नव्या घरी गेले. दोन्ही वेळा निर्णय प्रवाशाला विचारून झाला नव्हता.

आता अम्मीचा प्रवास. तिचं वय शहात्तर, गुडघे दुखतात. मुंबईहून जेद्दाहला थेट विमान आहे. दुबईमार्गे गेलो तर विमान बदलायचं, लांबलचक टर्मिनल पार करायचं, काही तास बाकावर काढायचे, आणि हे सगळं माझ्या खात्यात थोडे मैल पडावेत म्हणून! तिने या सफरीची नीयत कित्येक वर्षं मनात बाळगली आहे. ती थकून उतरली आणि तवाफला उभी राहू शकली नाही, तर ते कुठल्या मैलांनी भरून येणार?

मी थेट विमानाची तिकिटं काढली. जावयांना सांगितलं, शारजाच्या फेऱ्यांचे मैल तुम्ही एकत्र जमवा, उमऱ्याचा हिशेब वेगळा राहू द्या. सभासदत्व फुकट आहे, ते जरूर घ्यावं. पण तिकीट निवडताना दाम, वेळ आणि सोबतच्या माणसाची तब्येत आधी पाहावी. मैल त्यानंतर.