खर्जाची तार

आमच्या शाळेच्या संगीतवर्गांत एक सहा तारांची बास गिटार आहे. एका माजी विद्यार्थ्यानें परदेशीं जातांना ती शाळेस दिली. गेल्या वर्षीं स्नेहसंमेलनाची तयारी सुरू झाली, तेव्हां हें वाद्य वाजविण्याचा मान मजकडे आला. मान म्हणतों खरा. वास्तविक तें जड धूड खांद्यावर घेऊन उभें राहण्यास दुसरा कोणी तयार नव्हता, इतकेंच.

वाचकांपैकीं पुष्कळांस चार तारांची बास ठाऊक असेल. लिओ फेंडर यांची विजेची बास १९५१ सालीं अमेरिकेंत निघाली आणि तेथून तिचा प्रसार झाला. तिला खालच्या बाजूस एक व वरच्या बाजूस एक अशा दोन तारा जोडाव्या, ही कल्पना अँथनी जॅक्सन या वादकाची. त्याजकरितां कार्ल थॉम्प्सन या कारागिरानें १९७५ सालीं असें वाद्य घडविलें. वरची तार गुणी असते. सारें दुखणें खालच्या तारेचें! ती एका सेकंदांत सुमारें ३१ कंपनें करते. पियानोच्या अगदीं डावीकडच्या पट्टीचीं कंपनें २७.५ असतात, यावरून हा स्वर किती खोल आहे याची कल्पना येईल. मर्सेन या फ्रेंच मठवासी पंडितानें १६३६ सालच्या आपल्या ग्रंथांत तारेची लांबी, ताण व वजन यांचा स्वराशीं असलेला संबंध मांडला आहे. त्या हिशेबानें लांबी व ताण शेजारच्या तारेइतकाच ठेवावयाचा, तर या तारेचें वजन पावणेदोनपटीहून किंचित् अधिक करावें लागतें. म्हणून ती सुमारें ३.३ मिलिमीटर जाड असते. एवढी जाड तार, आणि वाद्याची मोजणीची लांबी अवघी ३४ इंच! ती थोडी रुसकी असली तर नवल नाहीं.

परंतु आमची तार रुसकी नव्हती, भांडखोर होती. मोकळी छेडली कीं तिच्या स्वरामागें एक बारीक झणझणाट उठे. पत्र्याच्या डब्यांत माशी अडकावी तसा. दिवाळीच्या सुटींत वाद्य घरीं नेण्याची परवानगी मिळाली, आणि तिला सरळ करण्याचा मीं निश्चय केला.

येथें घरची थोडी हकीकत सांगणें भाग आहे. माझे वडील वाळूजच्या औद्योगिक वसाहतींत फिटर होते. दोन वर्षांपूर्वीं एका कारखान्यांत पॉवर प्रेसखालीं त्यांच्या उजव्या हाताचीं दोन बोटें गेलीं. त्यानंतर त्यांस भांडारांत नोंदी ठेवण्याचें काम मिळालें, पगार उतरला. त्यांची हत्यारांची पेटी आईनें माळ्यावर टाकली, आणि ती पुन्हां खालीं आली नाहीं. घरांत तिचें नांवही कोणी काढीत नसे. पूर्वीं शेजाऱ्यांचें कुलूप, शिवणयंत्र, सायकल, कांहीं ना कांहीं आमच्या ओट्यावर नेहमीं पडलेलें असे. तेंही बंद झालें.

तार जुनी झाली असावी, असा माझा पहिला तर्क. आईकडून पैसे घेऊन मीं नवी तार मागविली. ती लांब होती, म्हणून चढविण्यापूर्वींच पकडीनें टोंक कापून टाकलें. हा अडाणीपणा मला भोंवला. अशा तारेंत मध्यें पोलादाचा गाभा असून त्यावर दुसरी तार गुंडाळलेली असते. कापण्याआधीं तिला काटकोनांत वांकवावें लागतें, म्हणजे वरचें वेष्टन गाभ्यास धरून राहतें. तसें न केल्यास वेष्टन सैल पडूं शकतें. माझी कोरी तार दुसऱ्याच दिवशीं ओल्या दोरीसारखी वाजूं लागली, आणि झणझणाट होता तो होताच! पैसे गेल्याचें आईस सांगण्याचें धैर्य मला झालें नाहीं. मीं ती तार काढून गादीखालीं लपविली आणि जुनी पुन्हां चढविली. मग घोडी उंच करून पाहिली. बोटें दुखूं लागलीं, आवाज तसाच.

शाळा सुरू होतांच गुरुजींनीं ती तार एकदां छेडली आणि ते हंसूं लागले. "अरे, हिला तर जवारी लागली आहे! तंबोऱ्यास ती आम्ही मिरजेच्या कारागिरांकडून पैसे देऊन लावून घेतों; तुला फुकट मिळाली." विनोद सोडून दिला तरी गोष्ट मार्मिक होती. तंबोऱ्याची घोडी रुंद व किंचित् गोलाईची असते. तार तिच्यावर टेंकते, सुटते, पुन्हां टेंकते. मध्यें सुताचा धागा सरकवून ती जागा नेमकी साधतात. यानेंच तो भरलेला झंकार निघतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ सालीं या घोडीवर निबंध लिहिला. तार ज्या बिंदूवर छेडावी तेथें ज्यांचा स्थिरबिंदु पडतो असे वरचे स्वर एरवीं उठूं नयेत. या घोडीमुळें तेही उठतात, असें त्यांनीं दाखविलें. मिरजेच्या तंबोऱ्यास व सतारीस २०२४ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें आहे. जो गुण तंबोऱ्यांत मोलाचा, तोच माझ्या गिटारींत खोड ठरला होता. प्रश्न एवढाच, कीं तो येथें शिरला कोठून?

त्या शनिवारीं वाद्य पुन्हां घरीं आणलें. रात्रीं मी तें मांडीवर घेऊन बसलों होतों. वडील खाटेवर बसून ऐकत होते, हें मला ठाऊक नव्हतें.

"मोकळीच कुरकुरते, कीं दाबल्यावरही?" त्यांनीं विचारलें.

मीं पहिल्या पडद्यावर बोट दाबून छेडली. स्वर स्वच्छ आला. दुसऱ्यावर, पांचव्यावर, तसाच स्वच्छ. इतक्या दिवसांत मीं हें करून पाहिलें नव्हतें!

"मग पडद्यांत दोष नाहीं, मानेंतही नाहीं. वरच्या तोंडाशीं पाहा."

वरचें तोंड म्हणजे मेरू, ज्याच्या खांचेंतून तार खुंटीकडे जाते. त्यांनीं वहीच्या कागदाची एक बारीक पट्टी तारेखालीं, खांचेच्या पुढच्या कडेशीं सरकविण्यास सांगितलें. झणझणाट नाहींसा झाला. कागद काढला, परत आला. वडील उठले, स्टूल घेतलें आणि माळ्यावरून पेटी उतरविली. स्वयंपाकघरांतील भांड्यांचा आवाज थांबला. आई दाराशीं येऊन उभी राहिली, पण कांहीं बोलली नाहीं.

भिंग व विजेरी घेऊन त्यांनीं खांच पाहिली आणि मलाही दाखविली. खांचेचा तळ पुढून मागें उतरता असावयास हवा, म्हणजे तार नेमकी पुढच्या कडेवरून सुटते. येथें उलट होतें. मागची कड उंच, पुढची किंचित् बुटकी. तार मागेंच टेंकत होती आणि पुढच्या कडेस केसभर अंतरानें थडथड आपटत होती. सहा तारांत एका तारेपुरती ही घोडचूक कोणाच्या हातून झाली, देव जाणे.

"मागचीच बाजू घांसावयाची. पुढच्या कडेस कानस लागली, तर मेरूच बदलावा लागेल."

त्यांनीं बारीक गोल कानस काढली. उजव्या हातांत धरली, पण उरलेल्या बोटांत ती ठरेना. एकदां, दोनदां. मीं मान दुसरीकडे वळविली. मग त्यांनीं मूठ डाव्या हातांत घेतली व मला म्हणाले, "तूं टोंक धर. जोर नको. दिशा मी देतों, तूं फक्त ती डगमगूं देऊं नकोस."

आम्हीं भोंवतालीं चिकटपट्टी लावली आणि घांसूं लागलों. दर तीन-चार फेऱ्यांनंतर ते थांबत, भुकटी फुंकीत, तार बसवून छेडावयास लावीत. माझी बोटें घामानें ओलीं झालीं. त्यांचा डावा हात मात्र रुळावर चालावा तसा चालत होता. डाव्या हाताची ही संवय त्यांनीं केव्हां केली, हें मीं विचारलें नाहीं. शेवटीं खांच गुळगुळीत करण्यास पॉलिश पेपर गुंडाळावयास तारेच्याच जाडीचें कांहींतरी हवें होतें. ते म्हणाले, "गादीखालची आण."

मी लाजेनें अर्धा झालों. पण तिच्यावर कागद गुंडाळून खांच इतकी सुरेख घांसली गेली, कीं त्या तारेचे पैसे अगदींच वायां गेले असें म्हणवत नाहीं. आईनें तेव्हांच "कोणती तार?" असें विचारलें, तो भाग वेगळा.

जुनी तार पुन्हां चढविली. बिचारी पहिल्यापासून निर्दोष होती! घोडीवर अंगठ्यानें दाबून तिला नीट वांक दिला. बाराव्या पडद्यावरचा स्वर चढा लागत होता, म्हणून तिची बैठक मागें सरकवूं लागलों, तों आंतील स्प्रिंग आड आली. वडिलांनीं ती काढूनच टाकली. एवढ्या खोल स्वरावर स्वरमापकाचा कांटा थरथरतो, म्हणून बाराव्या पडद्यावर बोट नुसतें टेंकवून वरच्या सप्तकांतील स्वर जुळविला. मग मोकळी तार छेडली. खिडकीचें तावदान हलकेंच वाजलें. तारेचा दुसरा आवाज नव्हता. वडिलांनीं वाद्याच्या पाठीवर तळहात ठेविला आणि स्वर विरेपर्यंत तो उचलला नाहीं.

स्नेहसंमेलनाच्या संध्याकाळीं ते मागच्या रांगेंत बसले होते. समारंभ आटोपल्यावर गुरुजींनीं माझी पाठ थोपटली, मित्रांनीं गलका केला. घरीं परततांना दुचाकीवर वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ती तिसरी तार, सातव्या पडद्यापाशीं किंचित् खरखरते. ऐकलीस?"

मीं ऐकली नव्हती.

"उद्यां पाहूं," ते म्हणाले. पेटी अजून खाटेखालींच आहे.