निकाल आधी, पुरावा मागाहून

मुंबईतला कार्टर रोड उत्तरेकडे जिथे संपतो तिथे खारदांड्याचा कोळीवाडा सुरू होतो. 2020 च्या जूनमध्ये या किनाऱ्याशी दोन बातम्यांचा जवळचा संबंध होता. 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. ते येणार हे हवामान खात्याने आधीच सांगितलं होतं आणि ते मुंबईवर येतं की अलिबागकडे सरकतं, या प्रश्नावर सगळ्या कोळीवाड्यांचा जीव टांगणीला लागला होता. 14 जूनला जवळच वांद्र्यात अभिनेता सुशांतसिंह राजपूत याचा मृत्यू झाला. श्रीवर्धन-दापोलीकडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झालेल्या असताना, गावंच्या गावं अंधारात असताना पहिली बातमी पडद्यावरून उतरली आणि दुसरी महिनोन्‌महिने चालली. वृत्तवाहिन्या बातमीचा रहस्यपट करतात, अशी तेव्हापासूनची तक्रार आहे. ती मला पटत नाही. चांगल्या रहस्यपटाने पाळलेला एक साधा नियम जरी त्यांनी उचलला असता, तरी पुष्कळ अनर्थ टळला असता.

तो नियम म्हणजे संशय आणि निकाल यांच्यामध्ये पुराव्याला पुरेसा वेळ देणं. राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ 1964 चा. तुरुंगातली एक स्त्री नामांकित वकिलाला म्हणते, मी तुमची बायको. आणि त्याने तर बायकोला स्वतः अग्नी दिलेला. पुढचा सगळा चित्रपट म्हणजे एका दाव्याची तपासणी आहे. ती एक खूण सांगते, तो ती खोडून काढतो, ती दुसरी सांगते. आपलं मन कधी इकडे, कधी तिकडे झुकतं आणि दिग्दर्शक आपल्याला घाई करू देत नाही. बी. आर. चोप्रांचा ‘कानून’ (1960) तर आणखी कठोर आहे. एक तरुण वकील आपल्या होणाऱ्या सासऱ्यांना, म्हणजे एका न्यायाधीशाला, खून करताना पाहतो, आपणही पाहतो. संशयित म्हणून सापडतो तो मात्र चोरीसाठी घरात शिरलेला एक भुकेकंगाल माणूस. नाना पळशीकरांनी ही भूमिका अशी केली आहे की, त्या चेहऱ्यावरची भीती पाहताना गरिबाच्या शब्दाला कोर्टात किती किंमत असते ते आपोआप कळतं. शेवटी समजतं की खुनी तिसराच होता, न्यायाधीशासारखा हुबेहूब दिसणारा. डोळ्यांदेखत घडलेलंही तपासून घ्यावं लागतं, हे ‘कानून’ने एकही गाणं न घेता सांगितलं.

याच्या शेजारी वृत्तवाहिनीवरची रात्री नऊची चर्चा ठेवून पाहा. तिथे संशयित पहिल्या दिवशी ठरतो आणि मग त्याला साजेसे पुरावे गोळा होतात. राजपूत प्रकरणाच्या वार्तांकनाबद्दलच्या 18 जानेवारी 2021 च्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने हेच टिपलं: गुन्ह्याचा प्रसंग पुन्हा रचून दाखवणं, साक्षीदारांचे जबाब पडद्यावर तपासणं, आरोपीच्या चारित्र्यावर बोलणं, यांतून न्यायाच्या कामात अडथळा येतो. एम्सच्या डॉक्टरांनी 2020 मध्येच हत्येची शक्यता फेटाळली होती. 2025 च्या मार्चमध्ये सीबीआयने तपास बंद करण्याचा अहवाल दिला. त्या मृत्यूसाठी ज्या तरुणीला स्टुडिओंनी रोज रात्री दोषी ठरवलं, तिची बदनामी त्या अहवालाने पुसली जात नाही. चित्रपटातला खोटा संशयित चित्रीकरण संपलं की घरी जातो. म्हणूनच ‘ते काल्पनिक, हे खरं, तुलना कशाला?’ हा आक्षेप उलटा फिरतो. खऱ्या माणसांच्या बाबतीत सबुरी जास्त हवी.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. माध्यमांनी आवाज उठवला नसता तर जेसिका लाल खून खटल्यातला आरोपी सुटलाच असता. खरं आहे. पण तिथे 2006 मध्ये खालच्या कोर्टाने आरोपीला सोडल्यानंतर, साक्षीदार का फिरले, हा प्रश्न विचारला गेला. तो पुराव्याचा प्रश्न होता. आणि प्रेक्षकांना आरडाओरडाच हवा असतो म्हणावं, तर ‘पाठलाग’ इतका आवडला की, दोनच वर्षांत राज खोसलांनी त्यावरून हिंदीत ‘मेरा साया’ काढला.

हिचकॉकने त्रुफोला सांगितलं होतं की, टेबलाखाली बाँब आहे हे प्रेक्षकाला आधी कळू द्या, मग पंधरा मिनिटं त्याचा श्वास अडकून राहील. न सांगता स्फोट केलात तर पंधरा सेकंदांचा धक्का मिळेल. वाहिन्या त्या पंधरा सेकंदांवर जगतात. पण खारदांड्यापुढचा प्रश्न पहिल्या जातीचा आहे. वांद्रे-वर्सोवा सागरी सेतू याच किनाऱ्यासमोरून जाणार आहे. वारा आणि ओढ असताना, रात्रीच्या वेळी, खांबांमधून होडी नेणं किती धोक्याचं, हे कोळ्यांना आधीपासून ठाऊक आहे. वरळीला किनारी रस्त्याच्या पुलाच्या दोन खांबांत 60 मीटर अंतर ठरलं होतं. तिथल्या मच्छीमारांनी काम अडवून धरलं, तेव्हा 2022 च्या डिसेंबरमध्ये ते 120 मीटर करायचं ठरलं. मागणी त्याहून मोठी होती. साठाने पुरलं नसतं का, एकशेवीसने पुरतं का, हे समजून घ्यायला भरतीचं वेळापत्रक, होडीची रुंदी, वाऱ्याची दिशा आणि ती होडी चालवणारा माणूस, एवढं एका स्टुडिओत आणावं लागेल. एक तास पुरे. साक्षीदार हजर आहेत, ते फिरलेले नाहीत, आणि निकाल अजून कोणीच दिलेला नाही.