नऊ देशांची बस आणि सुपारीएवढा दगड

आपल्याकडे रविवारच्या पेपरात पर्यटन कंपन्यांच्या जाहिराती येतात ना, बारा दिवसांत नऊ देश वगैरे? लहानपणी मी त्या कापून वहीत चिकटवायचो. एवढ्या घाईत माणूस नेमकं काय बघत असेल, हा प्रश्न तेव्हा कधी पडला नाही. नऊ देश म्हणजे नऊ देश! पुढे यथावकाश इंजिनिअर झालो, २००६ साली कंपनीने मेलबर्नला पाठवलं आणि इथे आल्यावर लक्षात आलं की आपण साफ चुकीच्या खंडात आलोय. इथे बसमध्ये आठवडाभर बसून राहिलात तरी देश काही बदलत नाही.

गंमत म्हणजे तरुण पोरांना एका बसमध्ये कोंबून देशोदेशी हिंडवायची कल्पना इथल्याच शेजारच्या माणसाची. न्यूझीलंडच्या जॉन अँडरसन नावाच्या तरुणाने १९६१ साली लंडनमध्ये एक मिनीबस घेतली, बाराएक प्रवासी जमवले आणि युरोप पालथा घातला. त्यातून पुढे 'कॉन्टिकी' ही कंपनी उभी राहिली आणि मग अशा टूर्सचं पेवच फुटलं. वय वर्षं अठरा ते पस्तीस, खिशात पैसे कमी, अंगात मस्ती जास्त, असा एकंदर मामला.

तर २००७ च्या ईस्टरला चार दिवस सुट्टी होती. ऑफिसातले सगळे आपापल्या घरी जाणार होते. आपलं घर कराडला! तेव्हा अशाच एका छोट्या कंपनीची तीन दिवसांची टूर घेतली. ॲलिस स्प्रिंग्जपासून उलुरू, म्हणजे भूगोलाच्या पुस्तकात 'एअर्स रॉक' म्हणून फोटो असायचा तो लाल डोंगर, मग किंग्ज कॅनियन आणि परत ॲलिस. निघायच्या आधी आईला फोन केला. "तिकडचं काहीतरी आण माझ्यासाठी," ती म्हणाली, "पण दुकानातलं नको. त्या मातीतलं आण काहीतरी." हे वाक्य लक्षात ठेवा.

पहाटे सहाला बस आली. बस म्हणजे मागे ट्रेलर जोडलेली एक छोटीशी गाडी. ड्रायव्हर, गाइड आणि आचारी ही तिन्ही कामं करणारा एकच पोरगा. आम्ही एकवीस जण आणि सगळे मिळून देश किती? मी मोजले. जर्मनी, हॉलंड, आयर्लंड, ब्रिटन, स्वित्झर्लंड, कॅनडा, जपान, कोरिया आणि भारत. नऊ! वहीतली जाहिरात अखेर खरी झाली, फक्त देश खिडकीच्या आत होते.

खिडकीबाहेर काय होतं? काही नाही. ॲलिस ते उलुरू साधारण साडेचारशे किलोमीटर. आपल्याकडे एवढ्या अंतरात किती गावं, किती टपऱ्या आणि किती 'हॉटेल साईप्रसाद' लागतील त्याचा हिशोब करा. इथे पेट्रोल पंप आणि खानावळ एकत्र असलेले दोन-चार थांबे, बस्स! बाकी लाल माती, खुरटी झाडं आणि सरळसोट रस्ता. या हायवेवर वेगमर्यादाच नव्हती म्हणे, आमच्या आधी तीनच महिने, १ जानेवारी २००७ पासून ताशी १३० ची मर्यादा आली होती. मधूनच समोरून 'रोड ट्रेन' यायची, एका इंजिनाला तीन-चार डबे जोडलेला, ५३ मीटरपर्यंत लांबीचा ट्रक. आपल्या चार एस.टी. एकामागोमाग एक बांधल्या तर जेवढ्या होतील तेवढा. तो बाजूने गेला की आमची बस पाळण्यासारखी हलायची.

दुपारी क्षितिजावर एक प्रचंड डोंगर दिसला. एकवीसच्या एकवीस जणांनी खिडक्यांना नाकं लावून फोटो काढले. गाइडने सगळ्यांचे काढून होऊ दिले आणि मग शांतपणे सांगितलं, "हा माउंट कॉनर. उलुरू अजून लांब आहे." दर टूरला हेच होतं म्हणे!

पण त्याने निघतानाच सांगितलेली एक गोष्ट मला जास्त लक्षात राहिली. ॲलिस सोडताना तो म्हणाला होता की आपण अरंडा लोकांच्या 'कंट्री'तून निघालोय, उलुरूला आनंगूंच्या कंट्रीत पोचू आणि किंग्ज कॅनियन ही लुरिचा लोकांची कंट्री. मला वाटलं, सकाळी सकाळी याची जीभ घसरली. एका देशात तीन देश कसे? जेवताना विचारलं तेव्हा त्याने नीट समजावलं. गोरे यायच्या आधी या खंडात अडीचशेच्या वर भाषा होत्या, आणि इथल्या मूळच्या लोकांच्या तोंडी कंट्री म्हणजे पासपोर्टवरचा देश नव्हे. ज्या जमिनीचे, पाणवठ्यांचे आणि दगडधोंड्यांचे आपण लागतो ती कंट्री. जमीन आपल्या मालकीची नसते, आपण जमिनीचे असतो. बाकीचे आठ देश विचारात पडले. मला मात्र पटकन शब्द सापडला. मुलूख! मुंबईत जन्म गेलेला माणूससुद्धा "आमचा मुलूख तिकडे रत्नागिरीकडे" म्हणतो, तो मुलूख. इतकं सोपं होतं ते.

संध्याकाळी आधी काटा जूटा पाहिलं. त्याचा अर्थ पुष्कळ डोकी. छत्तीस घुमट आहेत तिथे, रावणाने लाजावं असे. मग उलुरूचा सूर्यास्त. वीसेक बसगाड्या ओळीने लागलेल्या, आणि समोर तो एकच अखंड कातळ, जमिनीपासून ३४८ मीटर उंच. आधी नारिंगी, मग निखाऱ्यासारखा, मग जांभळट आणि शेवटी विझलेला. तो लाल का, तर दगडातल्या लोखंडाला गंज चढलाय म्हणून; आतून तो चक्क करडा आहे. मी इंजिनिअर माणूस, गंज दिसला की रंग फासायचा एवढंच मला ठाऊक. गंज बघायला हजारो मैलांवरून माणसं येतात हे शिकायला मिळालं.

रात्री झोपायला 'स्वॅग' मिळाला. आपल्याकडे पूर्वी रेल्वेच्या प्रवासाला कॅनव्हासची वळकटी घेऊन जायचे ना, अगदी तीच, फक्त आत गादी. तंबू नाही, छप्पर नाही. शेकोटीभोवती कांगारूचं मांस शिजत होतं. मला शाकाहारी म्हणून डब्यातले राजमे मिळाले. मी सॅकमधून लसणाची चटणी काढली. ती इतकी फिरली की डबा परत आला तो घासल्यासारखा चकचकीत. वर आपलं मृग नक्षत्र होतं, पण उलटं. शीर्षासन घातलेला मृग बघून एकदम घरची आठवण आली. असो.

आता मुद्द्याचं. तेव्हा उलुरूवर चढायला कायद्याने बंदी नव्हती. १९६४ साली कातळात खांब रोवून साखळी लावलेली होती, ती धरून लोक चढायचे. पायथ्याशी एक पाटी होती. आमच्या परंपरेसाठी हा डोंगर पवित्र आहे, कृपा करून चढू नका, अशी आनंगूंची विनंती. २६ ऑक्टोबर १९८५ ला सरकारने ही जमीन त्यांना परत दिली होती आणि त्याच दिवशी ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर राष्ट्रीय उद्यानासाठी पुन्हा घेतली होती. म्हणजे घर त्यांचं, भाडेकरू सरकार आणि पाहुण्यांना "वर जाऊ नका" म्हणायचा अधिकार घरमालकाला असून नसल्यासारखा. चढण्याची वाट ही त्यांच्या कथांमधली माला लोकांची वाट. शिवाय पाय घसरून किंवा हृदय बंद पडून तोपर्यंत तिथे तीसच्या वर माणसं गेली होती आणि आपल्या मुलखात पाहुणा मेला याचं दुःख आनंगूंना होतं. चढणाऱ्यांना ते 'मिंगा' म्हणतात, म्हणजे मुंग्या.

मी कळसूबाई दोनदा चढलेला माणूस. पाय शिवशिवत होते. पण पाटी वाचली आणि ठरवलं, नाही चढायचं. एवढ्यावर थांबलो असतो तर ठीक होतं. मी बसमधल्या आयरिश मुलाला व्याख्यान दिलं! आमच्याकडे देवराई असते, तिथली काटकीसुद्धा कोणी उचलत नाही, दुसऱ्याच्या श्रद्धेचा मान ठेवायला आम्ही लहानपणीच शिकतो, वगैरे वगैरे. तो हसला, म्हणाला, "मी पुन्हा इथे कधी येणार?" आणि गेला वर.

आम्ही सात-आठ जण पायथ्याभोवती फिरलो, साधारण दहा किलोमीटर. जवळून तो डोंगर गुळगुळीत नाहीच. गुहा, घळी, पाण्याच्या रेघा, भिंतींवरची जुनी चित्रं. काही ठिकाणी फोटो काढू नका अशा पाट्या. मी एकही काढला नाही. आणि मग एका वळणावर पायाशी तो दिसला. सुपारीएवढा दगड, एका बाजूने सपाट, आणि रंग असा की जणू आधीच शेंदूर माखलाय. दुकानात बघितलेल्या लाकडी सरड्याची किंमत चाळीस डॉलर होती, आणि तेव्हा डॉलरला ३४-३५ रुपये! पण खरं सांगतो, पैशांचा प्रश्न नव्हता. "त्या मातीतलं आण" हे वाक्य होतं. मागेपुढे पाहिलं आणि दगड खिशात टाकला.

बसपाशी आलो तेव्हा तो आयरिश मुलगा उतरून आला होता. खाली बसून त्याने बूट काढले आणि आत गेलेली लाल खडी तिथेच पायथ्याशी झटकली. "इथलं इथेच बरं," म्हणाला. माझा हात खिशात होता. तो मी बाहेर काढला नाही.

पुढे किंग्ज कॅनियन झालं, ईमेलची देवाणघेवाण झाली, वर्षभर एकमेकांना फोटो पाठवून झाले आणि नऊ देश आपापल्या वाटेने गेले. २००८ साली कराडला गेलो तेव्हा आईच्या हातात दगड ठेवला. तिने तो धुतला, पुसला आणि सरळ देव्हाऱ्यात बाळकृष्णाशेजारी ठेवला. रोज हळदकुंकू, रोज एक फूल. मीही कौतुकाने बघत राहिलो.

२०१७ साली उद्यानाच्या व्यवस्थापन मंडळाने चढाई बंद करायचं ठरवलं आणि २६ ऑक्टोबर २०१९ पासून, म्हणजे जमीन परत मिळाल्याला बरोब्बर ३४ वर्षं झाल्यावर, ती कायमची बंद झाली. शेवटच्या दिवसांत साखळीपाशी मुंग्यांसारखीच रांग लागली होती. मी मेलबर्नला टीव्हीसमोर बसून "काय ही माणसं!" म्हणत होतो. त्याच आठवड्यात 'सॉरी रॉक्स'बद्दल वाचनात आलं. उलुरूहून उचलून नेलेले दगड लोक जगभरातून टपालाने परत पाठवतात, सोबत माफीचं पत्र. रोज जवळजवळ एक पार्सल. दगड नेल्यापासून साडेसाती लागली असं बरेच जण लिहितात. अडचण अशी की तो नेमका कुठला हे माहीत नसल्यामुळे परत जागेवर ठेवता येत नाही. शिवाय तिथून काही उचलणं हा गुन्हा आहेच. टीव्ही बंद केला.

डिसेंबरात कराडला गेलो आणि आईला सगळं सांगितलं.

"चोरून आणलास?" तिने विचारलं.

"अगं, पडलेला होता तिथे."

"देवळाबाहेर पडलेली चप्पलसुद्धा कोणाची तरी असतेच."

"तुला काही वाईट अनुभव आला का गं या अकरा वर्षांत?"

"मला कशाला येईल? मी त्याचं काय वाईट केलं?"

मग दोन दिवस ती त्या विषयावर काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पूजा झाल्यावर तिने दगड कोमट पाण्याने धुतला, धुवट फडक्यात गुंडाळला आणि माझ्या हातात दिला. "त्याच्या मुलखाला पोचव," म्हणाली. मी तिला तो शब्द कधीच सांगितला नव्हता.

मेलबर्न विमानतळावर मी इमानदारीत जाहीर केलं की सामानात दगड आहे. अधिकारी बाईंनी फडकं सोडून बघितलं. "हे पिवळं काय?" एका चिरेत थोडी राहिली होती. "हळद," मी म्हणालो. दगड भारतातून आणताय की काय, असं विचारल्यावर मी म्हटलं, नाही, परत आणतोय. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, माती नाही याची खात्री केली आणि जाऊ दिलं.

जानेवारी २०२० मध्ये पार्सल केलं. साडेसातीचं काहीच लिहिण्यासारखं नव्हतं, म्हणून एवढंच लिहिलं की उचलताना मला कळत होतं. सोबत इंजिनिअरला शोभेलसा नकाशा काढला: वाट, वळण, उत्तर दिशेचा बाण आणि अंदाजे कुठून उचलला तिथे फुली.

दोन महिन्यांत, २० मार्च २०२० ला, ऑस्ट्रेलियाने सीमा बंद केल्या. दगड आपल्या मुलखात पोचला होता आणि मी पावणेदोन वर्षं माझ्या मुलखाला जाऊ शकत नव्हतो. आई दर रविवारी फोनवर विचारायची, "पोचला का रे?" उत्तर आलेलं नव्हतं. मी आपला म्हणायचो, पोचला असेल.

२०२१ च्या डिसेंबरात शेवटी कराडला पोचलो. हातपाय धुऊन देवापुढे उभा राहिलो. बाळकृष्णाशेजारी त्या जागी आईने एक सुपारी ठेवली होती.

"ही आपलीच आहे," ती म्हणाली, "कोपऱ्यावरच्या वाण्याकडची."