तोंडी लावणं

आमटी वाढली गेली आणि माझी बोटं सवयीने ताटाच्या मधोमध गेली, भाताच्या मुदीत आळं करायला. मूद नव्हती. कोबीची भाजी होती, आणि कोबीत आळं होत नाही. आमटी वाट फुटेल तिकडे धावली आणि कोशिंबिरीखाली शिरली.

तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा 6.5 च्या पुढे गेला होता. ही तपासणी मोठी चिवट. आदल्या आठवड्यात जिलबी सोडून तिला फसवता येत नाही. लाल पेशी साधारण 120 दिवस जगतात आणि तेवढ्या काळातली साखर अंगाला चिकटवून हिंडतात. डॉक्टरांनी आधी गोळ्यांचा डोस नव्याने बसवला, कारण काही गोळ्या चालू असताना भात-पोळी एकदम तोडली तर साखर नको तितकी खाली येते. मग भात, पोळी, पोहे, बटाटा असं एकेक गेलं. ‘ज्वारीची भाकरी तरी?’ आमच्याकडे ज्वारीला औषधाचा मान. पण 100 ग्रॅम ज्वारीतही 70 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकंच. साखर तांदळापेक्षा जरा सावकाश चढते, एवढंच तिच्या बाजूने बोलता येतं.

मामाच्या लग्नात मला मीठ वाढायला दिलं होतं. पोरांना हेच काम देतात, सांडलं तरी कुणाचं बिघडत नाही. मांडवात पंगत बसलेली, पाटांपुढे रांगोळी, पत्रावळीवर शिंतोडलेलं पाणी. मी वाकून प्रत्येकाच्या पानावर वरच्या टोकाला चिमूटभर मीठ ठेवत गेलो. माझ्यामागून लिंबाची फोड, चटणी, लोणचं, कोशिंबीर, सगळं डाव्या अंगाला. उजवीकडे भाज्या. आणि मग भाताचा आचारी आला. हातात वाटी, पुढे दोघांनी धरलेलं घमेलं, त्यातून वर येणारी आंबेमोहराची वाफ. वाटी उपडी करून तो पानाच्या मधोमध मूद पाडायचा आणि पुढे सरकायचा, मागे वळूनसुद्धा बघायचा नाही. त्यावर वरण, त्यावर तूप, आणि तूप पडल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. पुढे मसालेभात, जिलबी, मठ्ठा, आणि शेवटी ताकभात. तो आला की जेवण आवरतं घ्यायचं हे न सांगता कळायचं. भात इतक्यांदा फिरला, मीठवाल्याला मात्र परत कुणी हाक मारली नाही. एका आजोबांनी तेवढी मारली. त्यांना मीठ जास्त लागायचं.

आता माझं जेवण डाव्या अंगाचं झालंय. काकडी, दही, दाण्याचं कूट, मुळ्याचा चटका, भोपळ्याचं भरीत. मटकीची उसळ मोजून, अंडी न मोजता. वाईट लागत नाही. फ्लॉवर किसून त्याला भात म्हणणं मात्र मला मंजूर नाही. फ्लॉवरने फ्लॉवर म्हणून यावं, आलं-मिरची लावून.

हे पथ्य काही आजचं नाही. 1870 साली प्रशियाच्या फौजेने पॅरिसला वेढा घातला आणि शहरात अन्नाची टंचाई झाली. तेव्हा बुशार्दा या डॉक्टरच्या ध्यानात आलं की आपल्या मधुमेही रोग्यांच्या लघवीतली साखर उतरते आहे. इन्सुलिन सापडायला अजून पन्नास वर्षं होती. इटलीतला कांतानी तर रोग्यांनी चोरून खाऊ नये म्हणून त्यांना कुलपात ठेवायचा.

आमच्या घरी कुलूप लागत नाही, आई आहे. पण तिचं कुलूप आषाढीला उघडतं. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, रताळ्याचा कीस, बटाट्याचे पापड: दाणे आणि तूप वगळलं तर सगळा पिठूळ कारभार, आणि साबुदाणा तर निव्वळ स्टार्च. यंदा तिने खिचडीची ताटली पुढे केली. मी म्हटलं, आई, साबुदाणा बंद आहे, उपवासाचं दुसरं खातो.

“दुसरं काय?”

“दही, भाजलेले दाणे, काकडी, थोडं खोबरं.”

“ते तोंडी लावणं झालं,” ती म्हणाली. “आणि फराळाला?”