बर्फ पडतोय

बर्फाची आणि माझी ओळख उन्हाळ्यातली. लहानपणी आमच्या शाळेच्या फाटकापाशी एक गोळेवाला उभा राहत असे. तो रंध्यावर लादी खरवडून गोळा वळायचा, त्यात काडी खोचायचा आणि वरून लाल-हिरवे सरबत ओतायचा. तापात कपाळावर ठेवायची पिशवी आणि लग्नघरी पन्ह्याच्या पिंपात तरंगणारी, भुसा धुऊन टाकलेली लादी, ही बर्फाची आणखी दोन रूपे. सारांश काय, बर्फ ही पैसे देऊन आणायची चीज आहे, अशीच माझी समजूत. ती कुठेकुठे आकाशातून फुकट पडते हे भूगोलाच्या पुस्तकात वाचले होते. पण भूगोलातल्या सगळ्याच गोष्टी आपण परीक्षेपुरत्या खऱ्या मानतो.

मी कॉलेजात मराठी शिकवते. पावसाच्या बाबतीत आपली भाषा किती श्रीमंत आहे, हे वर्गात सांगताना मला मोठा उत्साह येतो. वळीव वेगळा, झड वेगळी, सर वेगळी, संततधार वेगळी. भुरभुर म्हटले की छत्री उघडावीशी वाटत नाही. मुसळधार म्हटले की उघडून उपयोग नसतो. बर्फाला मात्र आपल्याकडे एकच शब्द. गोळ्यातला तोही बर्फ आणि आभाळातून पडणारा तोही बर्फच. 'हिम' म्हणून एक शब्द आहे, पण तो पुस्तकात राहतो, घरी येत नाही. यात भाषेचा दोष नाही. ज्याच्याशी संसार करायचा नाही, त्याला लाडाची नावे कोण ठेवील?

पण या एका शब्दाच्या गरिबीपायी मी माझ्या सख्ख्या भावावर दोन वर्षे अन्याय केला. सांगायचे आहे ते हे.

आमचे अण्णा गेले ते १३ फेब्रुवारी २०१४ च्या संध्याकाळी, पुण्यात. दादा न्यू जर्सीला. त्याच्याकडे तेव्हा सकाळ होती. मंडळी जमली. शेजारचे एक काका मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "थोरला येणार असेल तर बर्फाची सोय करू. एक दिवस थांबता येईल." आई भिंतीला टेकून बसली होती. तिने ते ऐकले आणि नुसते माझ्याकडे पाहिले. मी पुन्हा फोन लावला.

दादा म्हणाला, "अगं, बर्फ पडतोय. विमानं बंद आहेत."

एवढेच. पुढे त्याला बोलता येईना. आणि ते मला तेव्हा कळले नाही. मी म्हणाले, "बर्फ काय रे, आज आहे, उद्या वितळेल. अण्णा पुन्हा मिळायचे नाहीत." आणि फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलतभावाने अग्नी दिला. दादा आला तो रविवारी रात्री. त्या सकाळी अस्थीही सावडून झाल्या होत्या. तेराव्यापर्यंत तो राहिला, सगळे यथासांग केले आणि परत गेला. त्या फोनबद्दल तोही काही बोलला नाही, मीही नाही. पुढे वाढदिवसाला फोन होत, दिवाळीला होत. "कशी आहेस?" "बरी आहे." "थंडी आहे का?" "आहे." भांडण झाले असते तर मिटले असते, आमचे भांडणच झाले नव्हते.

पुढे २०१५ च्या पावसाळ्यात आई दादाकडे गेली. तिला एकटीने परत येववेना, म्हणून जानेवारी २०१६ मध्ये, संक्रांत करून, मी तिला आणायला निघाले. डबाभर तिळगूळ नेला होता. दादाने तो घेतला आणि आम्ही दोघे सांगितल्याप्रमाणे गोड बोलत राहिलो.

दादाचे घर एडिसन गावात. शनिवारी, २३ तारखेला, रात्री नेवार्कहून आमचे विमान होते. बुधवारपासूनच दूरचित्रवाणीवर वादळाची वार्ता सुरू झाली. तिकडचे सरकारी हवामान खाते हिवाळी वादळांना नावे ठेवत नाही. पण एका वाहिनीने परस्पर बारसे उरकून त्याला 'जोनास' म्हणायला सुरुवात केली होती. साध्या हिमवर्षावाला तिकडे 'ब्लिझर्ड' म्हणत नाहीत. वारा ताशी ३५ मैलांचा किंवा त्याहून जास्त हवा, पाव मैलापलीकडचे दिसता कामा नये आणि हे सारे सलग ३ तास चालायला हवे. मग तो मान मिळतो. मला हे ऐकून कौतुक वाटले. पावसाला आम्ही शब्द दिले. यांनी बर्फाला नियम लावले.

शुक्रवारी दादा मला ओक ट्री रोडवरच्या दुकानात घेऊन गेला. तिथली गर्दी पाहून मला लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशीची मंडई आठवली. दूध, पाव, बटाटे, मेणबत्त्या, विजेरीचे सेल. जो तो हाताला लागेल ते टोपलीत टाकत होता. घरी आल्यावर दादाने गाडीच्या काचेवरचे वायपर उभे करून ठेवले, नाहीतर ते काचेला चिकटून बसतात. फाटकापासून गॅरेजपर्यंतच्या वाटेवर त्याने मीठ पसरले. मिठाने पाणी गोठण्याचे तापमान खाली जाते, हे मी शाळेत शिकले होते. पण आइस्क्रीमच्या पॉटाबाहेर त्याचा उपयोग प्रथमच पाहिला. आई खिडकीतून म्हणाली, "अरे, मीठ असं सांडू नये."

संध्याकाळी निरोप आला : विमान रद्द, नवी जागा बुधवारची. पुण्यात शनिवारची सकाळ उजाडली होती. मी विभागप्रमुखांना फोन केला.

"सर, मला सोमवारी येता येत नाही. बर्फ पडणार आहे."

"बर्फ?" सर गमतीने म्हणाले, "मग छत्री घेऊन निघा की!"

मीही हसले. फोन ठेवला आणि हसू जिथल्या तिथे विरले. दोन वर्षांपूर्वी त्या तारेच्या दुसऱ्या टोकाला मी होते. आणि मी तर गमतीने बोलले नव्हते.

रात्री निजलो तेव्हा बाहेर काही नव्हते. पहाटे जाग आली ती कसल्याशा शांततेने. आपल्याकडे पाऊस येतो तो वाजतगाजत. पत्र्यावर, पन्हळीत, झाडांवर त्याचा आवाज वेगळा. बर्फ येतो तो मांजराच्या पावलांनी, आणि येताना दुसऱ्यांचेही आवाज गिळून टाकतो. त्या भुसभुशीत थरात हवेच्या बारीक पोकळ्या असतात, त्यांत आवाज मुरतो, असे नंतर समजले. खिडकीचा पडदा सारला तर समोरचे घर नाही, रस्ता नाही, गाडी नाही. पांढरे काहीतरी आडवे धावत होते. बर्फ वरून खाली पडतो, या माझ्या ज्ञानालाही वाऱ्याने धक्का दिला.

दुपारपर्यंत दाराच्या पायऱ्या बुजल्या. आगगाड्या आणि बसगाड्या बंद होत्या, राज्यात आणीबाणी पुकारलेली होती. न्यूयॉर्क शहरात तर दुपारी अडीचपासून खासगी वाहनांना रस्त्यावर यायलाच बंदी झाली. आईची काळजी निराळी होती. कॅलेंडरात पौष पौर्णिमा होती, शाकंभरी. "देवीला भाज्यांचा नैवेद्य हवा," ती म्हणाली. वहिनींनी फ्रिज धुंडाळला. बटाटे, कांदे, एक कोबी आणि गोठवलेल्या वाटाण्यांची पिशवी. आईने त्या टणक वाटाण्यांकडे पाहून सुस्कारा टाकला आणि म्हणाली, "चालेल. तिलाही दिसतंय बाहेर काय चाललंय ते."

दादा दर दोन तासांनी अंगावर चार कपडे चढवून, रुंद फावडे घेऊन बाहेर जात होता. बर्फ साचला की जड होतो, म्हणून पडता पडताच काढायचा. तासाभराने तो आत यायचा, तोवर त्याने काढलेल्या वाटेवर पुन्हा वीतभर थर बसलेला असायचा. आई त्याचा श्वास मोजत बसायची. हे काम करताना तिकडे माणसे छातीत कळ येऊन पडतात, हे तिने कुठेतरी ऐकले होते.

वाटाणे परतता परतता मी वहिनींना म्हणाले, "वादळ थांबल्यावर एकदाच काढला तर नाही का चालणार?"

वहिनी क्षणभर थांबल्या. मग कढईकडे बघत म्हणाल्या, "अण्णा गेले त्या दिवशी तर यांनी दिवसभर काढला. बॅग गाडीत ठेवून दिली होती. मी म्हटलं, अहो, विमानंच नाहीत. तर म्हणाले, एखादं सुटलं तर? आपली वाट मोकळी हवी. तीनदा साफ केली. तीनदा रस्त्यावरचा नांगर आला आणि तोंड बुजवून गेला. रात्री पुन्हा पडायला लागला. अंधार झाल्यावरही हे बाहेरच होते."

नांगर म्हणजे तिकडची बर्फ लोटणारी गाडी. ती रस्ता मोकळा करते आणि तो सारा ढिगारा घराघराच्या तोंडाशी टाकून जाते. सकाळपासून मी दोनदा ते पाहिले होते आणि मला त्याची गंमत वाटली होती.

मी विचारले, "दादा हे कधी बोलला नाही."

"काय बोलणार?" वहिनी म्हणाल्या. "बर्फ पडतोय, एवढं सांगितलंच होतं की."

माझ्या हातातला झारा तसाच राहिला. भाषेच्या प्राध्यापकाला एक वाक्य कळले नव्हते. दादाने सांगितले त्यात बुजलेली वाट होती, तीनदा उपसलेला ढिगारा होता, गाडीत ठेवलेली बॅग होती. माझ्यापर्यंत पोचला तो गोळेवाल्याचा बर्फ. त्या रात्री एक बर्फ अण्णांना एक दिवस थांबवू शकला असता आणि दुसऱ्या बर्फाने दादाला थांबवले होते. माझ्याजवळ दोहोंना शब्द एकच होता. पण खरे सांगायचे तर शब्द अपुरा होता म्हणून सुटका करून घेण्याचा अधिकार मला नाही. शब्द अपुरा असला तर विचारता येते. मी विचारले नव्हते.

रात्री अकराच्या सुमारास वारा पडला. दादा पुन्हा कपडे चढवू लागला. मी गॅरेजातून दुसरे फावडे उचलले आणि वहिनींचे बूट घातले.

"तुला जमायचं नाही," दादा म्हणाला.

"बघू."

मला खरेच जमत नव्हते. पहिल्या दहा फावड्यांतच कंबर बोलू लागली. पण बर्फ गुडघ्यापर्यंत आणि काही ठिकाणी मांडीपर्यंत होता, त्याच्यात शिरल्यावर थांबणेही बरे दिसत नव्हते. दादाने दाखवले : फावडे अर्धेच भरायचे, पाठीने नाही, पायांनी जोर द्यायचा. आम्ही दोन बाजूंनी काढत आलो. मधोमध पोचलो तेव्हा मी म्हणाले, "दादा, त्या दिवशी मी फोनवर बोलले ते..."

तो फावड्यावर रेलून उभा होता. तोंडातून वाफ येत होती. थोड्या वेळाने तो म्हणाला, "अण्णांना शेवटी त्रास झाला का गं फार?"

दोन वर्षांत हे त्याने मला विचारले नव्हते. मीच विचारू दिले नव्हते. मी सगळे सांगितले. शेवटचे दुपारचे दोन घोट चहा, आईला मारलेली हाक, मग लागलेली झोप. काहीही न गाळता. तो ऐकत राहिला. सांगून झाले तेव्हा रस्त्याच्या वळणावर पिवळा दिवा फिरताना दिसला. नांगर आला, आमच्या डोळ्यांदेखत दीड हात उंचीचा ढिगारा वाटेच्या तोंडाशी लोटून निघून गेला.

दादा माझ्याकडे बघून हसला. "चल," म्हणाला.

आम्ही पुन्हा सुरुवात केली.

रविवारी लख्ख ऊन पडले. रात्री पौर्णिमेनंतरचा चंद्र निघाला आणि त्या पांढऱ्या अंगणात दिवा न लावता वर्तमानपत्र वाचता येईलसे वाटले. आईने खिडकीतूनच त्याला हात जोडले. बुधवारी आम्ही निघालो. विमानतळापर्यंत दादाने गाडी चालवली आणि वाटेत बर्फाविषयी कुणी काही बोलले नाही.

एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये १८६९ पासून बर्फाची नोंद ठेवतात. वादळ ओसरल्यावर जाहीर झाले की या वेळी २६.८ इंच पडला. २००६ च्या २६.९ इंचांच्या विक्रमाला दशांश इंच कमी. तेवढ्याने विक्रम हुकला म्हणून लोक हळहळले. पुढे हवामान खात्याने चौकशी केली, तेव्हा मोजलेला आकडा कळवण्यातच चूक झाल्याचे आढळले. एप्रिलमध्ये दुरुस्ती निघाली : खरा आकडा २७.५. विक्रम झाला होता. तो सांगताना वाटेत हरवला होता.

दादाने ती बातमी मला पाठवली. खाली एकच ओळ लिहिली होती : "मोजताना नाही, सांगताना चूक."

मी उत्तर लिहिले : "ऐकतानाही."